कार्ड बाहेर काढणारी तरफ : एका लहान यंत्ररचनेचा अभ्यास

कोणतीही घटना कारणावाचून घडत नाही. म्हणून कारणाचा शोध घ्यावा, ही तथागतांची शिकवण. ही दृष्टी यंत्राकडे वळवली, तर क्षुल्लक वाटणारा भागही विचार करायला लावतो. संगणकात जादा कार्ड बसवण्याची सोय सर्वांच्या लक्षात येते. ते सुखरूप बाहेर काढण्याच्या सोयीकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही लॅपटॉपमधील पीसी कार्डाचे उदाहरण घेऊन ही दुसरी सोय कशी घडवली जाते ते मांडत आहोत. त्यासाठी शाळेत शिकलेली तरफ पुरेशी आहे.

१. प्रश्न कोणता?

पीसीएमसीआयए ही संस्था १९८९ मध्ये अमेरिकेत स्थापन झाली आणि १९९० मध्ये तिने कार्डांचे पहिले मानक जाहीर केले. कार्डाची लांबी ८५.६ मिलिमीटर व रुंदी ५४ मिलिमीटर ठरली; म्हणजे आजच्या एटीएम कार्डाएवढी. जाडीनुसार पुढे ३.३, ५ आणि १०.५ मिलिमीटर असे तीन प्रकार रूढ झाले. मोडेम, नेटवर्क, माहितीचा साठा अशा अनेक कामांसाठी ही कार्डे वापरली गेली. लॅपटॉपच्या आत, खाचेच्या टोकाला असलेल्या कनेक्टरमध्ये ३४-३४ च्या दोन ओळींत ६८ पिना असतात. कार्डाच्या आतल्या कडेला तेवढीच छिद्रे असतात.

कार्ड पूर्ण आत गेले की त्याची बाहेरची कड लॅपटॉपच्या कडेशी समपातळीत येते आणि बोटांना धरायला जागा उरत नाही. छिद्रांतील लवचीक धातू प्रत्येक पिनेला घट्ट धरतो. ही पकड सैल ठेवली तर विद्युत संपर्क तुटक होईल. म्हणून पकडही हवी आणि ती सोडवण्याचे साधनही हवे.

२. बलाचा हिशेब

समजा, एका पिनेची पकड सोडवण्यास ०.३ न्यूटन बल लागते. मग ६८ पिनांसाठी २०.४ न्यूटन बल लागेल. साधारण दोन किलोग्रॅम वस्तू उचलण्यास एवढेच बल लागते. ते एका बोटाने, लहानशा बटणावर द्यायचे आहे. शिवाय बोट आत ढकलते आणि कार्ड मात्र बाहेर यायला हवे. दिशा उलटवण्याचे आणि बल बदलण्याचे, अशी दोन्ही कामे पहिल्या प्रकारची तरफ करते.

खाचेच्या बाजूने एक दांडा आत जातो. त्याचे बाहेरचे टोक म्हणजे बटण. आतले टोक तरफेच्या एका भुजेला ढकलते. टेकू मध्ये असल्यामुळे दुसरी भुजा उलट दिशेने फिरते आणि कार्डाला बाहेर लोटते. आता कार्ड ६ मिलिमीटर सरकवायचे आहे असे धरू. दोन्ही भुजा समान असतील तर बटणही ६ मिलिमीटर दाबावे लागेल आणि बल २०.४ न्यूटन लागेल. बलभुजा दुप्पट केली तर बल १०.२ न्यूटनवर येईल, पण बटण १२ मिलिमीटर दाबावे लागेल. बलभुजा निम्मी केली तर बटणाचा प्रवास ३ मिलिमीटर होईल, पण बल ४०.८ न्यूटन लागेल. घर्षण बाजूला ठेवले तर बल आणि विस्थापन यांचा गुणाकार तिन्ही वेळा तोच राहतो. तरफ कार्य वाचवत नाही. ते कोणत्या रूपात करायचे एवढाच पर्याय देते.

पिना छिद्रांतून सुटल्या आणि कार्डाची कड थोडी बाहेर आली की तरफेचे काम संपते. उरलेले अंतर बोटांनी कार्ड ओढून पार होते. म्हणून तरफेला सगळे ८५.६ मिलिमीटर अंतर सरकवण्याची गरज नसते.

३. कार्ड सरळच यायला हवे

तरफेचे टोक कार्डाच्या एकाच कोपऱ्याला टेकले तर तो कोपरा आधी सुटेल, दुसरा अडकून राहील आणि कार्ड तिरके होईल. तिरके कार्ड पिनांना आडवा दाब देते. या पिना संगणकाच्या बाजूला असतात, हे लक्षात घ्यायला हवे. पिन वाकली तर बिघाड कार्डापुरता राहत नाही. ती खाचच निकामी होते. म्हणून तरफ थेट कार्डाला ढकलत नाही. ती एका सरकत्या पट्टीला ढकलते आणि त्या पट्टीचे दोन वाकवलेले कान कनेक्टरच्या दोन्ही बाजूंनी कार्डाला एकाच वेळी लोटतात.

सरळपणाचे आणखी एक कारण आहे. सर्व पिनांची लांबी सारखी नसते. वीजपुरवठ्याच्या व भूसंपर्काच्या पिना सर्वांत लांब, संदेशांच्या मध्यम आणि कार्ड आहे की नाही हे ओळखणाऱ्या दोन पिना सर्वांत आखूड असतात. त्यामुळे कार्ड निघताना ओळखीच्या पिना प्रथम सुटतात, संगणकाला सूचना मिळते, मग संदेश तुटतात आणि वीज शेवटी जाते. ओळखीच्या पिनांचे क्रमांक ३६ आणि ६७. त्या कनेक्टरच्या दोन विरुद्ध टोकांजवळ असतात. दोन्ही जोडल्या गेल्या तरच कार्ड नीट बसले असे संगणक मानतो. हा सारा क्रम कार्ड सरळ हलण्यावर अवलंबून आहे.

४. थोड्या जागेत बसवणे

पातळ लॅपटॉपमध्ये उंची फार मोलाची असते. म्हणून तरफ जाड न करता पातळ पत्र्यातून, पण रुंद कापतात. ती कार्डाच्या पृष्ठाला समांतर फिरते आणि तिच्यावरचे बलही त्याच प्रतलात असते. अशा पट्टीची जाडी दुप्पट केली तर वाकण्याला होणारा विरोध दुप्पट होतो. रुंदी दुप्पट केली तर तो आठपट होतो. तरफ वाकली, तर बटणाचा काही प्रवास त्या वाकण्यातच वाया जातो आणि कार्ड पुरेसे सरकत नाही.

बटणाची अडचण वेगळी. लांब प्रवासाचे बटण कायम बाहेर राहिले तर पिशवीत अडकेल, धक्का लागून कार्ड निघेल. त्यावर दोन उपाय रूढ झाले : बटण बिजागरीवर दुमडून ठेवणे, किंवा एकदा दाबल्यावर ते बाहेर येईल आणि दुसऱ्यांदा दाबल्यावर कार्ड सोडवेल अशी रचना करणे.

एसडी कार्डाच्या अनेक खाचांत तरफच नसते. तेथे संपर्क सपाट पट्ट्यांवरून घसरतात, त्यामुळे बल कमी लागते. कार्ड आत ढकलताना स्प्रिंग दाबली जाते आणि एक बारीक तार बदामाच्या आकाराच्या चरीत जाऊन अडकते. पुन्हा ढकलल्यावर तार चरीतून सुटते आणि स्प्रिंग कार्ड बाहेर लोटते. अशा खाचेतले अडकलेले कार्ड ओढू नये. आधी आत दाबावे.

५. स्वतः करून पाहण्यासाठी

हे तत्त्व पाहायला जुना लॅपटॉपच हवा असे नाही. टेबलावरच्या बहुतेक संगणकांत मेमरीच्या पट्टीच्या दोन्ही टोकांना प्लॅस्टिकचे खटके असतात. तेही तरफाच आहेत : वरचे टोक बाहेर दाबले की खालचे टोक पट्टीला वर उचलते. शिक्षकांच्या देखरेखीखाली संगणक बंद करावा, वीजजोडणी काढावी, धातूच्या सांगाड्याला हात लावून अंगावरील स्थिर विद्युतभार घालवावा आणि दोन्ही खटके एकाच वेळी उघडावेत. एकच खटका उघडून पट्टी का ओढू नये, याचे उत्तर तिसऱ्या भागात आले आहे.

आपल्या समाजात पुस्तक जाणणारे आणि हाताने काम करणारे यांना शतकानुशतके वेगळे ठेवले गेले. जातिव्यवस्थेने श्रमिकांनाच एकमेकांपासून तोडले, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दाखवून दिले. वर पाहिलेली तरफ ही फूट मानत नाही. ती घडवणाऱ्याला गुणोत्तराचा हिशेब यावा लागतो आणि बोटाला किती जोर पेलतो हेही कळावे लागते. आपल्या विद्यार्थ्यांनी यंत्र केवळ वापरू नये. ते उघडावे, मोजावे, त्याचे कारण विचारावे आणि जसे होते तसे पुन्हा जोडावे. बसवणे आणि काढणे या दोन्ही गोष्टी ज्याला इजा न करता करता येतात, त्यालाच ते यंत्र समजले असे आम्ही मानतो.