अपंगत्व आणि कर : कोणती सवलत आपल्या उपयोगाची?

दुकान सांभाळून घरातल्या अपंग मुलाचे किंवा आई-वडिलांचे करणारे कितीतरी बंधू आपल्यात आहेत. काही कारागीर स्वतः अपंग आहेत. कायद्याने त्यांना करात सूट दिली आहे. ती कुठे कामी येते, हे आज आपण पाहू.

आयकर : १९६१ च्या कायद्यातील कलम ८०-यू स्वतः अपंग असणाऱ्यासाठी आणि ८०-डीडी त्याच्यावर अवलंबून असलेल्या अपंग पती-पत्नी, मुले, आई-वडील व भावंडांसाठी आहे. अपंगत्व ४० टक्के असल्यास ७५,००० आणि ८० टक्के किंवा अधिक असल्यास १,२५,००० रुपये उत्पन्नातून वजा होतात. १ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले, सवलत राहिली.

मेख कुठे आहे? ही वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. नव्या पद्धतीत ती नाही; पण तिथे २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या धंद्याच्या उत्पन्नावर करच लागत नाही. म्हणजे लहान दुकानदाराने वजावटीपायी जुनी पद्धत धरू नये. १४ लाख नफ्याचा हिशेब घ्या. नव्या पद्धतीत सेस सोडून कर ९०,०००. जुन्या पद्धतीत अपंगत्वाचे १,२५,००० आणि बचतीचे १,५०,००० वजा करूनही १,५०,०००! शिवाय जुनी पद्धत घेतलेला व्यापारी एकदा नव्या पद्धतीत परतला, की धंदा चालू असेपर्यंत त्याला पुन्हा जुनीकडे जाता येत नाही. म्हणून दोन्ही हिशेब मांडूनच ठरवावे.

व्यवसाय कर : महाराष्ट्रात धंदेवाल्यास वर्षाला २,५०० रुपये भरावे लागतात. ४० टक्के किंवा अधिक कायमचे शारीरिक अपंगत्व असणाऱ्यास, तसेच अपंग मुलाच्या पालकास यात माफी आहे. रक्कम लहान, पण करपद्धत कोणतीही असो, दरवर्षी वाचणारी. अनेकजण माहितीअभावी ती भरत राहतात.

दाखला : दोन्हीकडे सरकारी रुग्णालयाचा अपंगत्वाचा दाखला लागतो. त्यावर मुदत असेल तर ती संपण्याआधी नवा काढावा. आज ऑनलाइन अर्ज करून यूडीआयडी कार्ड मिळते.

हक्काची सवलत सोडू नये. खोट्या दाखल्याची मात्र घेऊ नये. ती कायद्याने गुन्हा, आणि खऱ्या गरजूच्या हक्कावर घाला.