पितळी पातेले आणि बालकाचे यकृत

भंडारा जिल्हा पितळी भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. या भांड्यांशी निगडित असे एक संशोधन आम्ही देणगीदार, विश्वस्त व रुग्णांच्या कुटुंबीयांसमोर ठेवीत आहोत.

पूर्वी आपल्या देशात एक ते तीन वर्षे वयाच्या अनेक बालकांचे यकृत टणक होत असे, पोट फुगे, कावीळ होई आणि बहुतेक बालके दगावत. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. आनंद पंडित व डॉ. शीला भावे यांनी इंग्लंडचे डॉ. स्टुअर्ट टॅनर यांच्यासमवेत या आजाराचा अभ्यास केला. बालकांच्या यकृतात तांबे अतोनात साचलेले होते. आईच्या दुधाऐवजी त्यांना लवकरच वरचे दूध सुरू झालेले असे आणि ते कल्हई नसलेल्या पितळी वा तांब्याच्या भांड्यात तापवले व साठवले जाई. हा निष्कर्ष १९८३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाला.

पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. त्यातील तांबे दुधात उतरते. शरीर जास्तीचे तांबे यकृतातून पित्तावाटे बाहेर टाकते. तान्ह्या बाळात ही क्रिया अपुरी असते. पेनिसिलामाइन या औषधाने तांबे लघवीवाटे निघते, मात्र उपचार लवकर सुरू व्हावे लागतात.

पुढे घरोघरी स्टीलची भांडी आली आणि हा आजार दुर्मिळ झाला. दोष पितळेचा नव्हे, कल्हईच्या अभावाचा होता. म्हणून मातांना आमची विनंती: सहा महिने केवळ अंगावरचे दूध पाजावे आणि बाळाचे दूध स्टीलच्या भांड्यातच तापवावे.