मिसरी कांस्यमूर्ती आणि आपल्या पितळी पाट्या

शास्त्रपाठ : यिर्मया ४६:२५, २ राजे १८:१-४

यिर्मया संदेष्टा 'नो' नगराच्या आमोन देवाचे नाव घेतो. हे नो म्हणजे मिसर देशातील थीब्ज, व आमोनाचे मोठे मंदिर म्हणजे तेथील कर्णाक. इ. स. १९०३ नंतर लग्रँ नावाच्या फ्रेंच संशोधकाने त्या मंदिराच्या अंगणात खोदकाम केले, तेव्हा शेकडो दगडी पुतळे आणि कांशाच्या सुमारे १७,००० लहान मूर्ती व वस्तू निघाल्या.

अशा मूर्ती बहुधा मेणाच्या साच्याने घडवीत. मेणाच्या आकृतीवर मातीचा लेप देऊन तो तापवीत. मेण वाहून गेले की पोकळीत कांसे ओतीत. या गाभाऱ्यातील मूर्ती नव्हत, तर भाविकांनी वाहिलेली दाने होत. कित्येकांवर देणाऱ्याचे नाव व दीर्घायुष्याची मागणी कोरलेली असे. मंदिरात जागा उरेना. पण देवाला दिलेली वस्तू टाकता येईना. म्हणून ती आवारातच पुरीत.

मोडण्यापेक्षा जपणे माणसाला किती प्रिय, हे गोव्यातही दिसते. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी आपल्या ताब्यातील देवळे पाडली. तेव्हा दिवाडी बेटावरील सप्तकोटेश्वराला भाविकांनी नदीपलीकडे डिचोलीतील नार्वे येथे नेले. तेथील देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. डिचोली व पेडणे हे महाल पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, आणि तेथील देवळे राहिली. डिचोलीच्या पितळी समया आजही प्रसिद्ध आहेत.

ती मोडतोड ख्रिस्ताच्या नावाने झाली. 'ते रोमन पंथाचे होते, आम्ही नव्हे' असे म्हणून आपण सुटू शकत नाही. शेजारी आपल्याला एकाच नावाने ओळखतात.

हिज्कीया राजानेही पितळी सर्प फोडला. पण तो कोणाचा होता? परक्यांचा नव्हे, स्वतः मोशेने केलेला, आणि त्याच्यापुढे धूप जाळणारे त्याचेच लोक होते. राजाने हातोडा आपल्याच घरात चालविला.

आपल्या मंदिरांच्या भिंतींवर पितळी पाट्या आहेत. बाकांवर देणगीदारांची नावे आहेत. देणे चांगलेच. परंतु पाटी हलविताच मंडळीत भांडण उठत असेल, तर धूप कोणापुढे जळत आहे?

मननासाठी प्रश्न :
१. आपल्या मंडळीत आज 'पितळी सर्प' कोणता?
२. शेजाऱ्याच्या देवाविषयी आपण घरात कोणत्या शब्दांत बोलतो?
३. नाव न लावता आपण शेवटचे दान केव्हा दिले?