उंबरठ्याबाहेरचा पाहुणा

व्हॅम्पायरच्या कादंबऱ्या मी शाळेत असल्यापासून वाचते आहे. अजूनही एखादी नवी हाती लागली की बाकीची कामं मागे पडतात. ‘रात्री-अपरात्री असलं काय वाचतेस?’ हे घरीदारी पुष्कळ ऐकून झालं. त्यावर माझं उत्तर एकच असतं : दुसऱ्याच्या जीवावर जगणं म्हणजे काय, याचा इतका सरळ विचार दुसऱ्या कुठल्या कथाप्रकारानं केलेला मी पाहिला नाही. या वाचनातून हाती लागलेल्या काही गोष्टी इथे मांडते.

१. ‘ड्रॅक्युला’ एकदा तरी तारखेनुसार वाचावी

ब्रॅम स्टोकरची ही कादंबरी १८९७ साली आली. सगळी कादंबरी दैनंदिन्या, पत्रं, तारा, वर्तमानपत्रातली कात्रणं यांनी बनलेली आहे. पहिली नोंद ३ मेची, शेवटची ६ नोव्हेंबरची, आणि मग सात वर्षांनंतरचं एक छोटं टिपण. पहिल्यांदा पुस्तक सलग वाचावं. दुसऱ्या खेपेला मात्र ज्या तारखेची नोंद, ती त्या तारखेलाच वाचावी. कॅलेंडर शेजारी ठेवायचं, घाई करायची नाही.

यानं काय होतं? पुस्तकात काउंट ड्रॅक्युलाच्या किल्ल्यात अडकलेल्या जोनाथन हार्करची दैनंदिनी आधी एकगठ्ठा येते आणि इंग्लंडमधली पत्रं त्यानंतर येतात. तारखेनं वाचलं की दोन्ही एकमेकांत मिसळतात. १९ मे रोजी काउंट हार्करला तीन पत्रं लिहायला लावतो आणि त्यांवर पुढच्या तारखा घालायला सांगतो : १२ जून, १९ जून, २९ जून. आपलं आयुष्य किती उरलं, हे हार्करला त्या तारखांवरून कळतं. पाचच दिवसांनी, २४ मे रोजी, तिकडे इंग्लंडात लूसी आपल्या मैत्रिणीला, मीनाला, आनंदानं कळवते की एकाच दिवशी तिघांनी मला मागणी घातली! मीना ही हार्करची वाग्दत्त वधू. तो किल्ल्यात कसा अडकलाय हे तिला ठाऊक नाही आणि आपल्याला मात्र सगळं ठाऊक आहे. सलग वाचताना या दोन तारखांमधलं अंतर जाणवतसुद्धा नाही.

पुढे ३० जूनला हार्करची दैनंदिनी थांबते. त्यानंतर त्याची खरी खबर येते ती बुडापेस्टच्या इस्पितळातून, १२ ऑगस्टच्या पत्रात. मधल्या सहा आठवड्यांत मीनासारखेच आपणही टपालाकडे डोळे लावून बसतो. आपल्याकडे तेव्हा पावसाची झड लागलेली असते आणि पुस्तकात काउंटला इंग्लंडकडे नेणाऱ्या ‘डिमीटर’ जहाजावरचा एकेक खलाशी नाहीसा होत असतो. जुलै महिना असा अंगावर येणारा मी दुसऱ्या कुठल्या पुस्तकात अनुभवलेला नाही.

२. सिनेमा थोडा वेळ विसरावा

मूळ कादंबरीतला ड्रॅक्युला उन्हानं जळत नाही. लंडनच्या पिकॅडिलीत भरदिवसा हार्कर आणि मीना त्याला पाहतात. सूर्यप्रकाशानं मरण्याची कल्पना रुजवली ती मुर्नाऊच्या ‘नोस्फेराटू’ या १९२२ च्या मूकपटानं. शेवटी काउंट मरतो तोही लाकडी सुळानं नाही, तर हार्करच्या कुकरीनं आणि त्याचा सोबती क्विन्सी मॉरिस याच्या चाकूनं.

पण मला सर्वांत प्रिय असलेला तपशील अगदी घरगुती आहे. हार्करला संशय असतो की एवढ्या मोठ्या किल्ल्यात नोकरचाकर नाहीतच. मग तो काउंटला स्वतः बिछाना घालताना पाहतो आणि पुढे दाराच्या बिजागरीच्या फटीतून जेवणाचं टेबल मांडताना पाहतो. शतकानुशतकं जगलेला, आपल्या घराण्याच्या लढायांचे पोवाडे गाणारा हा सरदार पाहुण्यासाठी चादर सारखी करतोय! त्याचा सगळा एकटेपणा त्या फटीतून दिसतो.

आणि लूसीच्या आजारपणाचा भाग हळू वाचावा. काउंट रात्री तिचं रक्त घेत असतो आणि चार पुरुष एकामागून एक तिला आपलं रक्त देतात. रक्तगटांचा शोध लँडस्टायनरनं १९०१ साली जाहीर केला, म्हणजे स्टोकरच्या डॉक्टरांना त्याची गंधवार्ता असणं शक्य नव्हतं. रक्त देणारे बाही वर करतात आणि आडवे होतात. रक्त घेणारा आणि रक्त देणारे यांना एकाच खाटेभोवती उभं करणं ही स्टोकरची खरी प्रतिभा आहे, असं मी मानते.

३. प्रत्येक लेखकाचे नियम आधी नीट समजून घ्यावेत

आरसा, लसूण, क्रूस, वाहतं पाणी ही यादी सगळ्यांना पाठ असते. लेखक त्यातला कुठला नियम घट्ट धरतो, यावर कादंबरीचं मर्म ठरतं. रिचर्ड मॅथेसनच्या ‘आय अॅम लेजंड’मध्ये (१९५४) एकटा उरलेला माणूस सूक्ष्मदर्शक घेऊन बसतो आणि रोगजंतू शोधतो. लसणाचा परिणाम का होतो, हेसुद्धा तो तपासून पाहतो. भीतीशी प्रयोगशाळेतून झुंज घेणारं हे पुस्तक आहे आणि त्याचा शेवट सगळ्या कथाप्रकाराला उलटं करून ठेवतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आमंत्रणाचा नियम. घरातल्या कुणी ‘आत ये’ म्हटल्याशिवाय व्हॅम्पायरला पहिल्यांदा उंबरठा ओलांडता येत नाही. स्टोकरकडे हा नियम एका वाक्यात येऊन जातो. स्वीडिश लेखक यॉन आयविदे लिंडक्विस्ट यानं २००४ साली सबंध कादंबरी त्याच्यावर उभी केली आणि तिच्या नावातही तो आणला. इंग्रजीत ती ‘लेट द राइट वन इन’ म्हणून मिळते. स्टॉकहोमचं ब्लाकेबेरी हे उपनगर, १९८१ साल, शाळेत मार खाणारा ऑस्कर आणि शेजारी राहायला आलेली एली. ऑस्कर एकदा मुद्दामच ‘आत ये’ म्हणत नाही, बघू तर काय होतं म्हणून. एली तशीच आत येते, आणि तिच्या कातडीतून रक्त पाझरू लागतं. तो घाबरून ते शब्द उच्चारतो. ती त्याच्यासाठी काय सोसू शकते हे त्याला तिथे कळतं आणि त्याच्या हाती केवढी सत्ता आहे हेही.

४. ‘कार्मिला’ला पहिलं पान द्यावं

‘ड्रॅक्युला’च्या पंचवीस वर्षं आधी, १८७२ पर्यंत, आयरिश लेखक शेरिडन ल फानू यानं ही दीर्घकथा लिहून ठेवली होती. ऑस्ट्रियातल्या स्टिरियातला एकाकी वाडा, लॉरा ही तरुण मुलगी आणि तिच्यावर जीव टाकणारी पाहुणी. इथे तर वडील स्वतःच पाहुणीला घरात ठेवून घेतात. स्टोकरनंही सुरुवातीच्या टिपणांत आपली कथा स्टिरियातच बेतली होती.

५. दुःख कुठून आलं ते पाहावं

अॅन राइसच्या ‘इंटरव्ह्यू विथ द व्हॅम्पायर’मध्ये (१९७६) क्लॉडिया ही लहान मुलगी आहे. तिचं मन वाढतं, शरीर कधीच वाढत नाही. बाहुलीएवढ्या हातांत प्रौढ बाईचा संताप. १९७२ साली राइस यांची मुलगी ल्युकेमियानं गेली, तेव्हा ती पाच वर्षांची होती. हे समजल्यावर मी पुस्तक पुन्हा उघडलं आणि क्लॉडिया असलेली पानं मला भराभर वाचता आली नाहीत. जिला मरण नाही अशी मुलगी एका आईनं लिहिली, आणि त्या अमरपणाचं सुखही तिला खोटेपणानं रंगवता आलं नाही.

६. ऑक्टेव्हिया बटलरला चुकवू नये

‘फ्लेजलिंग’ (२००५) ही त्यांची शेवटची कादंबरी. नायिका शोरी कृष्णवर्णीय आहे आणि त्वचेतल्या त्याच रंगामुळे ती आपल्या जमातीतल्या इतरांपेक्षा ऊन जास्त सोसू शकते. म्हणूनच जमातीतले काही जण तिच्या जिवावर उठतात. तिला रक्त देणारी माणसं तिच्यासोबत कुटुंबासारखी राहतात. त्यांना दीर्घायुष्य मिळतं, पण तिला सोडून जाणं त्यांना जमत नाही. ही माया की जखडणूक? बटलर उत्तर देत नाहीत आणि वाचकाला सुटकाही देत नाहीत.

७. आपल्याकडचा वेताळ वेगळा

रिचर्ड बर्टननं १८७० साली वेताळकथा इंग्रजीत नेल्या तेव्हा वेताळाला व्हॅम्पायर करून टाकलं. सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तला वेताळ रक्तासाठी आलेलाच नाही. तो प्रेतात राहतो, राजाला न्यायाचे पेच घालतो आणि शेवटी कपटी भिक्षूपासून त्याला वाचवतो. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला भाविक मोठमोठ्या चपला वाहतात, कारण रात्री गावाच्या राखणीसाठी फिरताना त्याच्या चपला झिजतात अशी श्रद्धा आहे. युरोपात ज्याच्या भीतीनं दारं लावून घेतली जातात, त्याच्या जवळपासचा कुणी इथे गावावर पहारा देतो. मराठीत खरा व्हॅम्पायर वाचायचा तर नारायण धारपांची ‘लुचाई’ आहे. ती स्टीफन किंगच्या ‘सेलम्स लॉट’वर बेतलेली. गावातलं एकेक घर अंधारात जाताना धारप ज्या शांतपणे सांगतात, तो शांतपणा त्यांचा स्वतःचा आहे.

८. कुणाला कुठलं पुस्तक द्यावं

लिंडक्विस्ट शाळकरी मुलांच्या हाती देऊ नये. त्यातली मुख्य पात्रं मुलं असली तरी मुलांवरच्या अत्याचाराचे फार जड प्रसंग त्यात आहेत. वेग हवा असेल त्याला ‘सेलम्स लॉट’ द्यावं, नुकतंच कुणी गमावलेल्या माणसाला राइस विचार करूनच द्यावी. आणि ‘ट्वायलाइट’ वाचून आलेल्या मुलीसमोर नाक मुरडू नये. तिला ‘कार्मिला’ द्यावी. एका रात्रीत वाचून होते, आणि मग ती आपणहून ‘ड्रॅक्युला’ मागायला येते. तेव्हा तिला ३ मेपर्यंत थांब म्हणू नये, लगेच द्यावं. तारखेनं वाचायचं दुसऱ्या खेपेला.