कार्बुरेटरचा जेट काढण्याचे योग्य हत्यार

शेतावरील पाण्याचे पंप व फवारणी-यंत्रे यांची लहान पेट्रोल एंजिने पुष्कळदा ऐन हंगामात अडून बसतात. चोक लावला असता एंजिन सुरू होते, परंतु चोक उघडताच बंद पडते. असे घडल्यास कार्बुरेटरच्या जेटमध्ये कचरा किंवा जुन्या पेट्रोलचा चिकटा साचला असण्याचा संभव फार असतो. जेट काढून धुणे हे थोड्या वेळाचे काम आहे. तथापि अयोग्य हत्यारामुळे जेटची खाच बिघडली, तर नवा कार्बुरेटर मिळेपर्यंत फवारणी खोळंबते आणि पिकावरील कीड तर कोणासाठीच थांबत नाही.

जेटची रचना

फ्लोट असलेल्या कार्बुरेटरमध्ये तळाची वाटी काढली म्हणजे मधल्या खांबाच्या पोकळीत मुख्य जेट दिसतो. तो पितळेचा असून त्याच्या माथ्यावर एक सरळ खाच असते. पितळ हा मऊ धातू आहे. नेहमीच्या स्क्रू-ड्रायव्हरचे पाते टोकाकडे निमुळते होत गेलेले असते. त्यामुळे ते खाचेच्या केवळ वरच्या कडांना टेकते, जोर लावताच वर उचलले जाते व कडा सोलून काढते.

हत्याराची निवड

योग्य हत्याराच्या तीन खुणा ध्यानात ठेवाव्यात.

१. पात्याच्या टोकाच्या दोन्ही बाजू समांतर असाव्यात व टोक खाचेच्या तळापर्यंत पोहोचावे.

२. पात्याची जाडी खाचेइतकीच असावी. खाचेत उभे केलेले हत्यार डुलता कामा नये.

३. पात्याची रुंदी खाचेच्या लांबीइतकी असावी, मात्र ते पोकळीच्या आट्यांना घासू नये.

बंदुकीच्या दुरुस्तीसाठी बनविलेले स्क्रू-ड्रायव्हर अशाच समांतर टोकाचे असतात. ते न मिळाल्यास चांगल्या पोलादाचा जुना स्क्रू-ड्रायव्हर घ्यावा. फीलर गेजच्या पानांनी खाचेची रुंदी मोजून त्या मापाचे टोक सहाणेच्या चाकावर घासून तयार करावे. घासताना टोक वारंवार पाण्यात बुडवावे. ते तापून निळे पडल्यास पोलादाचे पाणी उतरते व टोक वाकते.

काढण्याची रीत

काम उघड्या जागी करावे व जवळपास विस्तव नसावा. प्रथम स्पार्क प्लगची तार काढावी, पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि वाटीतील पेट्रोल भांड्यात काढून दूर ठेवावे. कार्बुरेटर उतरवून टेबलावर पक्का धरावा. हत्यार खाचेत सरळ उभे बसवून खाली घट्ट दाबावे, मगच डावीकडे फिरवावे. दाब अधिक व पीळ कमी, हा नियम पाळावा.

जेट हलत नसेल तर गंज सोडविणारे तेल घालून काही तास थांबावे. त्यानेही न सुटल्यास पेट्रोल पूर्णपणे काढून टाकलेल्या, रबरी व प्लास्टिकचे भाग वेगळे केलेल्या कार्बुरेटरवर गरम पाणी ओतावे. त्याचा सांगाडा ॲल्युमिनियम किंवा जस्ताच्या मिश्रधातूचा असतो व तो पितळेपेक्षा अधिक प्रसरण पावतो, म्हणून पकड सैल होते. ज्योतीचा उपयोग मुळीच करू नये.

धुणे व बसविणे

जेटच्या छिद्रात तार घालू नये. ०.७० मिलिमीटरचे छिद्र घासून ०.७७ झाले, तर व्यास दहा टक्केच वाढतो, परंतु क्षेत्रफळ सुमारे २१ टक्क्यांनी वाढते आणि त्या मानाने पेट्रोल अधिक जाते. जेट कार्बुरेटर धुण्याच्या द्रवात भिजवून हवेच्या झोताने साफ करावा. उजेडासमोर धरला असता छिद्र स्वच्छ व गोल दिसले पाहिजे.

बसविताना पहिले आटे बोटांनी धरवावेत, नंतर हत्याराने बेताने आवळावे. मऊ पितळेचे आटे अति जोराने तुटतात.

हंगाम संपल्यावर टाकीतील व वाटीतील पेट्रोल काढून ठेवण्याची सवय लावावी. इथेनॉलमिश्रित पेट्रोल हवेतील ओलावा शोषून घेते, व दीर्घकाळ साठून राहिल्यास ते जेट बुजवू शकते. आपल्या एंजिनाच्या जेटला बसणारे हत्यार एकदा तयार केले, की ते एंजिनाच्या पेटीतच ठेवावे आणि दुसऱ्या कामाला वापरू नये.