ऑनलाइन दुकानाची रोजकीर्द : बदलांच्या नोंदी कशा वाचाव्यात

जुन्या पेढ्यांच्या चोपडीत खाडाखोड चालत नसे. आकडा चुकलाच तर तो एका रेघेने छेदून शेजारी योग्य आकडा लिहिला जाई व त्यावर सही केली जाई. मूळ आकडा वाचता यावा आणि दुरुस्ती कोणी केली हे कळावे, हा त्यामागील हेतू होता. बँकांच्या संगणकीकरणानंतरही हे तत्त्व टिकून राहिले. व्यवहार नोंदविणारा एक व तो मंजूर करणारा दुसरा, आणि दोघांचीही ओळख नोंदीत कायम, अशी ही व्यवस्था आहे. इंटरनेटवर दुकान चालविणाऱ्या व्यावसायिकांसाठी त्याच तत्त्वाचे रूप म्हणजे ‘ॲक्टिव्हिटी लॉग’, अर्थात दुकानात झालेल्या बदलांची नोंदवही.

नोंदवही कोठे असते?

वस्तूची किंमत, साठा, सवलत, कराचा दर, कर्मचाऱ्यांचे अधिकार यांपैकी काही बदलले, की त्याची नोंद होणे अपेक्षित असते. परिपूर्ण नोंदीत पाच गोष्टी असतात : बदल कशात झाला, आधी काय होते, नंतर काय झाले, कोणत्या खात्यातून झाला आणि केव्हा झाला. मात्र सर्वच ठिकाणी या पाचही गोष्टी मिळतात असे नाही. शॉपिफायवरील दुकानात सेटिंग्जच्या भागात हालचालींची यादी मिळते; शिवाय प्रत्येक ऑर्डरच्या पानावर त्या ऑर्डरचा कालक्रम दिसतो. वूकॉमर्समध्ये ऑर्डरसोबत टिपणे राहतात; परंतु ते ज्या वर्डप्रेसवर चालते, त्यात सर्व बदलांची एकत्रित नोंदवही मुळात नसते. त्यासाठी स्वतंत्र प्लगइन बसवावे लागते, आणि ते बसविण्यापूर्वीचे बदल त्यात सापडत नाहीत. म्हणून नोंदवहीची सोय अडचण येण्याआधीच करून ठेवावी लागते.

एक उदाहरण

वस्तू व सेवा कराचे सुधारित दर २२ सप्टेंबर २०२५ रोजी लागू झाले. फरसाण व नमकीन यांवरील कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. त्याच दिवशी घटस्थापना होती. या पार्श्वभूमीवर इंदूरमधील एका काल्पनिक फरसाण विक्रेत्याचे उदाहरण घेऊ. त्याच्या चिवड्याच्या पाकिटाची करपूर्व किंमत २५० रुपये. जुन्या दराने ग्राहकाला ते २८० रुपयांना पडे. नव्या दराने ते २६२ रुपये ५० पैशांना पडावयास हवे.

नवरात्राच्या तिसऱ्या दिवशी मालकाच्या लक्षात आले, की पाकिटे २४६ रुपये ९ पैशांना विकली जात आहेत. प्रत्येक पाकिटामागे १६ रुपये ४१ पैसे कमी. १२० पाकिटांवर १,९६९ रुपये २० पैशांचे नुकसान. त्याने नोंदवही उघडली. चिवड्याच्या किमतीत दोन बदल दिसले. पहिला २१ सप्टेंबरचा, वेळ १४:५०, मदतनिसाच्या खात्यातून : २८० चे २६२.५०. दुसरा त्याच तारखेचा, वेळ १८:३५ : २६२.५० चे २४६.०९. सायंकाळी साडेसहाच्या सुमारास संगणकावर मदतनीसच बसलेला असे. संशय साहजिकच त्याच्यावर गेला.

येथे दोन गोष्टी पाहावयाच्या राहिल्या होत्या. पहिली, नोंदीतील घड्याळ. अनेक संगणकीय नोंदी भारतीय वेळेत नसून जागतिक प्रमाणवेळेत ठेवल्या जातात. भारतीय वेळ तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे १८:३५ ही सायंकाळ नव्हे. ती २२ सप्टेंबरच्या मध्यरात्रीनंतरची पाच मिनिटे होती. तेव्हा दुकान बंद होते. दुसरी गोष्ट, ‘कोणी’ या रकान्यातील नाव. तेथे मदतनिसाचे नव्हे, तर किंमत आपोआप बदलणाऱ्या एका ॲपचे नाव होते. चार दिवस मागे गेल्यावर, १८ सप्टेंबरच्या नोंदीत, त्या ॲपला मध्यरात्री किंमत सव्वासहा टक्क्यांनी उतरविण्याची सूचना दिलेली आढळली. आणि ती मालकाच्याच खात्यातून दिलेली होती.

सारा उलगडा आता झाला. २८० वरून २६२.५० म्हणजे नेमकी सव्वासहा टक्के घट. मदतनिसाने सांगितल्याप्रमाणे रात्री आठ वाजून वीस मिनिटांनी, दुकान बंद करण्यापूर्वी, हाताने किंमत उतरविली. मध्यरात्री ॲपने तीच घट पुन्हा एकदा केली. अप्रामाणिक कोणीच नव्हते. दोन योग्य सूचना एकमेकींवर आदळल्या होत्या. दोन हजारांचे नुकसान भरून निघते. पण विश्वासू माणसावर आलेला खोटा आळ सहजासहजी पुसला जात नाही.

वाचनाची रीत

या उदाहरणातून शोधाचा क्रम स्पष्ट होतो.

१. प्रथम लक्षण नेमके लिहून काढावे : कोणती वस्तू, कोणता आकडा, केव्हा लक्षात आले.
२. शेवटची बरोबर ऑर्डर व पहिली चुकलेली ऑर्डर शोधावी. बदल त्या दोहोंच्या दरम्यानच झालेला असतो.
३. नोंदवहीचे घड्याळ कोणते, याची खात्री करून सर्व वेळा भारतीय वेळेत मांडाव्यात.
४. त्या कालावधीतील सर्व नोंदी वाचाव्यात. केवळ संशयिताच्या नव्हे. ॲप, फाइलने केलेले घाऊक बदल व आधी ठरवून ठेवलेली कामे विशेष तपासावीत.
५. आकड्यांचे गणित करून कारण पडताळावे.
६. कारण दूर करून मगच किंमत पूर्ववत करावी. अन्यथा तीच चूक पुन्हा होते.

नोंदवहीची मर्यादा

नोंदवही खात्याचे नाव सांगते, माणसाचे नव्हे. वरील दुकानात मालक व मदतनीस एकच पासवर्ड वापरीत असते, तर १८ सप्टेंबरच्या नोंदीने काहीही सिद्ध झाले नसते आणि मदतनिसाला आपली बाजू मांडता आली नसती. बँकेच्या शाखेत पासवर्ड दुसऱ्यास देण्यास मनाई असते, ती याच कारणासाठी. स्वतंत्र खाते हे कर्मचाऱ्यावरील अविश्वासाचे चिन्ह नाही. ते त्याचे संरक्षण आहे. प्रत्येकाला वेगळे खाते, कामापुरतेच अधिकार, आणि नोकरी सोडणाऱ्याचे खाते त्याच दिवशी बंद, हे नियम छोट्या दुकानालाही परवडणारे आहेत.

बँक खात्याच्या तपशिलात बदल आढळल्यास

विक्रीची रक्कम ज्या बँक खात्यात जमा होते, त्याचा तपशील अनोळखी नोंदीने बदललेला दिसला, तर स्वतः तपास करीत बसू नये. नोंदीची प्रत काढून ठेवावी, पासवर्ड बदलावा, आणि आपली बँक व रक्कम वळती करणारी पेमेंट कंपनी यांना तत्काळ कळवावे. रक्कम गेली असल्यास १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर विनाविलंब तक्रार नोंदवावी.

कायद्याची दृष्टी

कंपन्यांनी वापरावयाच्या लेखा-सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची तारखेसह नोंद राहिली पाहिजे व ती सोय बंद करता येऊ नये, हा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादार, कंपन्या आदींनी आपल्या संगणक-प्रणालींच्या नोंदी १८० दिवस जतन करावयाच्या आहेत. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला कंपन्यांचा नियम बांधील नसला, तरी त्यातील शहाणपण त्यालाही उपयोगी आहे. नोंदी काही ठिकाणी ठरावीक मुदतीनंतर पुसल्या जातात. म्हणून महिन्यातून एकदा त्यांची प्रत उतरवून ठेवावी.

रोजकीर्द रोज लिहिली जाई आणि रोज वाचलीही जाई. ऑनलाइन दुकानात लिहिण्याचे काम संगणक करतो. वाचण्याचे काम मात्र दुकानदाराकडेच राहते, आणि आठवड्यातून दहा मिनिटे त्यासाठी काढणे कोणालाही शक्य आहे.