चार पोर्ट घेतेस, पण कशासाठी?

अगं, पतसंस्थेच्या सर्व्हरला चार पोर्टचं गिगाबिट लॅन कार्ड घ्यायचं ठरलंय ना, मग पैसे मोजायच्या आधी माझं ऐक. विकणारा म्हणेल, ‘मॅडम, चार पोर्ट म्हणजे चौपट स्पीड.’ त्यावर भुलू नकोस.

एक गिगाबिट म्हणजे कागदावर सेकंदाला १२५ मेगाबाइट. हातात पडतात ११०-११५. चारही पोर्ट एकत्र बांधलेस तरी एका कॉम्प्युटरवर फाइल उतरवताना वेग तेवढाच राहणार. पोर्ट एकत्र बांधायचं ८०२.३एडी हे मानक २००० साली आलं. पॅकेटांचा क्रम बिघडू नये म्हणून त्यात एका जोडणीची सगळी पॅकेटं एकाच केबलवरून जातात. म्हैसाळच्या कालव्याला चार चाऱ्या काढल्या म्हणून एका चारीवरच्या रानाला चौपट पाणी येत नाही, पण चार रानं एकदम भिजतात. इथंही तसंच आहे. दहा-पंधरा जणी एकाच वेळी काम करत असतील तर बांधणीचा उपयोग होतो. त्यासाठी स्विचही एलएसीपी, म्हणजे या बांधणीची बोली, समजणारा हवा. बाजारातला साधा स्विच ती समजत नाही.

मग चार पोर्ट कशाला? माझ्या मते दोन कामांसाठी: कामं वेगळी ठेवायला आणि एक वाट बंद पडली तरी काउंटर चालू राहायला.

काउंटरच्या कॉम्प्युटरना एक पोर्ट दे, बॅकअपच्या डिस्कला दुसरा, कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरला तिसरा. प्रत्येकाचं नेटवर्क वेगळं ठेव. मग दुपारी कुणी बॅकअप सुरू केला तरी पासबुकं भरणाऱ्या मुलींना नेटवर्कसाठी थांबावं लागणार नाही.

चौथा पोर्ट काउंटरच्या पोर्टाला राखीव जोड. लिनक्समध्ये याला बाँडिंग म्हणतात, विंडोज सर्व्हरमध्ये २०१२ च्या आवृत्तीपासून टीमिंग आहे. एक पोर्ट चालू, दुसरा राखीव, अशी मांडणी कर. ती साध्या स्विचवरही चालते. तुमच्या जतला सांगली-मिरजेहून दुरुस्तीचा माणूस यायचा म्हणजे अर्धा दिवस गेला. तेवढा वेळ बाजाराला आलेल्या माणसाला ‘सर्व्हर डाऊन आहे’ म्हणून परत पाठवायला नको.

आणि हे नीट लक्षात ठेव: चारही पोर्ट एकाच कार्डावर असतात. कार्डच गेलं तर चारही गेले. म्हणून मदरबोर्डवर पोर्ट असेल तर राखीव केबल चौथ्या पोर्टाऐवजी त्यात घाल, जमलं तर दुसऱ्या स्विचला जोड.

कार्ड घेण्याआधी सर्व्हरची पेटी उघडून स्लॉट बघ. इंटेलच्या आय३५०-टी४ सारख्या कार्डाला चार लेनचा पीसीआय एक्सप्रेस स्लॉट लागतो. एक लेनच्या बंद तोंडाच्या छोट्या स्लॉटात ते बसणारच नाही. सर्व्हर बुटका असेल तर कार्डाची पट्टीही बुटकी माग. या कार्डाच्या नकला बाजारात फिरतात. फार स्वस्त मिळत असेल तर घेऊ नकोस, पक्कं बिल आणि वॉरंटी घे. सर्व्हरवर व्हर्च्युअल मशिनं चालवायची असतील तरच एसआर-आयओव्हीची चौकशी कर. त्यात एका पोर्टाचे वेगवेगळे भाग मशिनांना थेट देता येतात. तुला आज त्याची गरज नाही, त्यासाठी जादा पैसे देऊ नकोस.

केबलवर मात्र कंजुषी करू नकोस. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात. एखादी जोडी नीट क्रिंप झाली नाही की पोर्ट खूपदा गुपचूप १०० मेगाबिटवर उतरतो, आणि सगळे सर्व्हरला दोष देतात. शुद्ध तांब्याची कॅट ६ घे, ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली नको. लांबी १०० मीटरच्या आत ठेव. बाहेरून दुसऱ्या इमारतीत केबल न्यायची असेल तर फायबरच टाक. तुमच्याकडे वळवाच्या पावसात विजा किती पडतात, तुला ठाऊक आहे. तांब्याच्या तारेतून तो झटका थेट कार्डापर्यंत येतो, फायबरच्या काचेतून येत नाही.

सगळं बसवून झालं की प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना चिठ्ठी लाव आणि कुठला पोर्ट कशाचा, ते वहीत लिही. मग सुट्टीच्या दिवशी काउंटरचा प्रोग्राम चालू ठेवून मुख्य केबल स्वतःच्या हातानं उपट. प्रोग्राम अडला नाही, तरच संचालकांना काम पूर्ण झाल्याचं सांग.